पन्नास दिवसांची घंटा

मेकनेस शहरात लल्ला तामूच्या नाकावर घड्याळ लावून घ्यावं, अशी ख्याती. मांस शिजलं की नाही हे ती अंगणातून सांगे. अशा बाईला होऊ घातलेल्या जावयानं स्वयंपाकाची घंटा करून आणावी, म्हणजे सुताराला रंधा धरायला शिकवणंच!

जावई म्हणजे झुहैर. मोबाइल दुरुस्त करायचा आणि फावल्या वेळात इवल्या सर्किटांशी खेळायचा. लल्लाची मुलगी नुझा त्याच्यावर भाळलेली. त्या शुक्रवारी त्याची आई मागणी घालायची म्हणून जेवायला आली होती. झुहैरनं चुलीशेजारी घंटेची डबी ठेवली, वायर भिंतीत खोचली, बटण दाबलं. लल्लाला तो 'खालती', म्हणजे मावशी म्हणे.

"खालती, आज नुसतं बसा. तासानं घंटा वाजेल, तेव्हाच ताजिनच्या मातीच्या भांड्याचं झाकण उचला."

लल्ला बसली. हाताची घडी घालून बसली. आधी खमंग वास आला, मग करपट, मग धूर. नुझा धडपडत उठली, तर लल्लानं तिची बाही ओढली.

"बस. घंटा वाजू दे."

घंटा कुठली वाजतेय! मेंढीचा कोळसा झाला. विहीणबाईंनी नुसता पाव आणि ऑलिव्ह खाल्ले.

झुहैरनं लॅपटॉप उघडला आणि कपाळ बडवलं. "खालती, तास मिलिसेकंदांत लिहिला. आकडा मोठा आणि साठवायला मी डबा दिला लहान. भरून उलटला, वजा झाला. आणि घड्याळाला वजा कळत नाही, त्याला तो अवाढव्य वाटला. 'लाँग' लिहिलं असतं तर मोठा डबा मिळाला असता."

"म्हणजे चहाच्या पेल्यात पोतं ओतलंस. मग वाजणार कधी?"

"पन्नासेक दिवसांनी."

"ठरलं तर. वाजली की होकार. तोवर डबीला हात लावलास तर मुलगी विसर."

झुहैर दर शुक्रवारी येई, डबीकडे बघून सुस्कारा टाकी आणि जाताना लल्लाची एखादी मोडकी वस्तू दुरुस्त करून जाई. लल्ला विरघळत चालली होती, पण बोलून बसली होती ना!

अखेर तो दिवस उजाडला. विहीणबाई आल्या, मिठाई मांडली, सगळे डबीकडे टक लावून बसले. दुपार टळली. डबी ढिम्म. झुहैर वायर चाचपत भिंतीपर्यंत गेला. तिथे लल्लाचा फोन चार्ज होत होता.

"खालती, वायर कुणी काढली?"

"मीच. काल. लगेच लावणार होते."

"आता लावली तर पहिल्यापासून पन्नास दिवस."

नुझाचे डोळे भरले. लल्लानं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, चुलीजवळचा डाव उचलला आणि चहाच्या पितळी तबकावर दणकन हाणला.

"वाजली," ती म्हणाली. "काय बघताय? मिठाई घ्या."