दोन वार आणि तीन वार यांच्यामध्ये

मी सांगलीत वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा माझ्या भाषणातला थांबा दुसऱ्याच्या मालकीचा निघाला.

तसं पत्रच कॉलेजात आलं. कॉपीराइट शिकवणारे मुजावर सर ते वाचून म्हणाले, "कल्पना कुणाचीच नसते, मांडणी असते. थांबा मांडणीत मोडतो. रविवारी वक्तृत्वाची अंतिम फेरी आहे. परवानगी आणा, नाहीतर न थांबता बोला."

न थांबता बोलून पाहिलं. मैत्रीण म्हणाली, "ऐकलं सगळं, पटलं काहीच नाही."

मालक होते बापूसाहेब चौगुले. हळदीच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं लिलावाचे सौदे पुकारले होते. 'दोन वार' आणि 'तीन वार' यांच्यामध्ये ते जो थांबा घेत, तो त्यांनी रीतसर नोंदवला होता. लहानपणी मी आजोबांबरोबर, आमच्या आबांबरोबर, त्या बाजारात जायची. घरी येईपर्यंत तळवे पिवळे व्हायचे. थांबा तिथंच कानात बसला असणार.

बापूसाहेब दारात शेंगा सोलत होते.

"पटवून दे," ते म्हणाले. "पण थांबा न वापरता. अजून परवानगी दिलेली नाही."

मी एका दमात कलमं, अपवाद, सगळं सांगितलं. ते सोलतच राहिले. मग सांगण्यासारखं एवढंच उरलं, "तुम्ही थांबायचात तेव्हा आबा माझा हात घट्ट धरायचे. आता आबा नाहीत."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "कमल, कागद आण गं," त्यांनी मुलीला हाक मारली. तहहयात वापराची परवानगी लिहून दिली. अट एकच, रागात वापरायचा नाही.

रविवारी ते स्वतः ऐकायला आले. माझा दुसरा नंबर आला. जाताना म्हणाले, "जरा आखूड पडला. पण चालेल."

बापूसाहेब जाऊन आता चौदा वर्षं झाली. कायद्याप्रमाणे साठ वर्षं हक्क कमलताईंकडे राहील. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, तेव्हा मी कोर्टाच्या जिन्यात होते. वाटलं, काही हरकत असेल.

"बाबांचा आवाज आमच्याकडं कशातच नाही," त्या म्हणाल्या. "जरा थांबून दाखवता का?"

मी फाइल पायरीवर ठेवली. "दोन वार," म्हटलं आणि थांबले.

"हं, हाच," त्या हळूच म्हणाल्या. "अजून थोडं."

मी थांबले.