सोमवारचं मौन आणि ह्यांचा कलप

ह्यांचं आयुष्य वाढवायचं काम लग्न झाल्यापासून माझ्याकडे आहे, आणि ते मी चोख सांभाळलंय! सोमवारी उपास, शिवाय दिवेलागणीपर्यंत मौन. म्हणून तर हे ठणठणीत!

पण यंदा ह्यांनी स्वतःच मनावर घेतलं. शीर्षासन, आवळ्याचा रस, आणि डोक्यापासून मिशीपर्यंत काळाभोर कलप!

"माणूस म्हातारा होईनासा झाला, हीच खरी प्रगती!" हे म्हणाले.

"आणि वाढलेल्या आयुष्यात करायचं काय?"

"आधी वाढू तर दे!"

मी गोंधळलेच. महादेवाने राखलं तर कृपा, आणि कलपाने राखलं तर प्रगती?

त्यातच धुळ्याहून भाईदासभाऊ आणि द्रौपदाबाई आपल्या मुलासाठी आमच्या प्रमिलाला बघायला जळगावला आले. नेमके सोमवारी, भरदुपारी! मी ओठांवर बोट ठेवून मौन कळवलं.

"मुलीचे वडील कुठे गेले?" भाईदासभाऊंनी विचारलं.

"मीच की!" हे म्हणाले.

भाईदासभाऊ खो खो हसले. "थट्टेखोर दिसतो पोरगा!"

द्रौपदाबाईंनी माझे पिकले केस पाहिले. उपासांनी मी केळीच्या पानासारखी वाळलेली! "माय, हाऊ पोऱ्या तुना शे का?"

पोऱ्या? हे माझा मुलगा? मी घाईघाईने मंगळसूत्र दाखवलं आणि ह्यांच्याकडे बोट केलं.

"देखा! सूनसाठे मंगळसूत्र बी तयार शे!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे नुसते लाजले!

भाईदासभाऊंनी मांडीवर थाप मारली. "मग साटंलोटंच करू! आमची भाची ह्याला, तुमची प्रमिला आमच्याकडे. नाहीतर दोन्ही राहू द्या!"

स्वयंपाकघराच्या दारात प्रमिला मुसमुसायला लागली. आता मौन मोडावं तर ह्यांचं आयुष्य जाणार, न मोडावं तर लेकीचं! महादेवाची क्षमा मागितली आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले,

"अहो, हा माझा नवरा आहे!"

सगळे गार! मग द्रौपदाबाई उठल्या आणि चक्क माझ्या पाया पडल्या. "माय, कोनतं व्रत करस तू?"

"सोमवारचं मौन," मी पुटपुटले. कलप अगदी जिभेवर आला होता. पण लेकीने डोळे पुसले होते हो, म्हणून गिळला!

"अशा मायनी पोर सोडानी नही!" द्रौपदाबाईंनी तिथेच साखर वाटायला लावली.

लग्नात व्याही भेटले. मी भीतभीत विचारलं, "विहीणबाईंनीही मौन धरलंय म्हणे. काही गुण?"

"माझे केस होते तसेच पांढरे," भाईदासभाऊ म्हणाले. "पण दर सोमवारी घरात अशी शांतता असते, की माझं आयुष्य खरंच वाढलं हो!"