थडग्यात भेटलेलं ‘ले’

चिनी भाषा अवघड आहे असं कोण म्हणतं? मी ती अकोल्यात बसून, मोबाइलवर, भाजी निवडता निवडता शिकलो! माझी बहीण माधवी नोकरीसाठी चीनला गेली आणि तिनं आम्हांला बोलावलं, तेव्हा मी आईला छाती ठोकून सांगितलं, "चिंता कावून करतं? दुभाष्या घरातच हाय!"

बाबा गेल्यापासून आई बोलायचीच बंद झाली होती. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवून घे’, संपलं! काहीही करून तिला बोलतं करायचं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

माधवीनं आम्हांला लेण्यांसारखी जमिनीखाली बांधलेली जुनी थडगी बघायला नेलं.

"लेण्या तं आपल्या पातूरलेबी हायत," आई पुटपुटली आणि पुढे चालू लागली.

जमिनीखाली उतरलो आणि बघतच राहिलो! भिंतीभर रंगीत चित्रं. नवरा-बायको टेबलाशी समोरासमोर बसलेत, कुणी चहा ओततंय, कुणी ताट आणतंय. माणसं कधीच गेली, संसार मात्र सुरूच! आई त्या जोडप्यासमोर उभी राहिली ती हलेचना. तिचे डोळे भरले.

तिथल्या पहारेकरी बाईंनी ते पाहिलं. जवळ येऊन त्यांनी मायेनं विचारलं, "लेइ ले मा?"

म्हणजे, थकलात का?

आई गर्रकन वळली. "अवं माय! ही तं आपल्याकडची दिसून राहिली! आपल्या ‘मले-तुले’वानी ‘ले’ लावून बोलते! मले ‘मा’ म्हणते!"

"आई, ते चिनी..."

"तू चूप राय!" आईनं पिशवीतून डबा काढला. "घे बाई, शेंगदान्याचा लाडू."

आत खायला सक्त मनाई! बाईंनी हात हलवले. आईला वाटलं, लाजून राहिली. तिनं लाडू थेट बाईंच्या तोंडाशी धरला! बाई मागे, आई पुढे! गर्दी जमली. बाईंनी वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं आणि एक माणूस चाकांची खुर्ची ढकलत धावत आला.

आता माझी पाळी! ‘आई थकलीय, बाकी काही नाही’ असं सांगायला मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "सि ले!"

सगळ्यांच्या माना खाली. खुर्चीवाल्यानं तर टोपीच काढली.

"दादा!" माधवी किंचाळली. "आई मेली म्हणालास तू! ‘लेइ सि ले’ म्हणजे खूप थकली, तू ‘लेइ’च गाळलंस!"

सगळे आईकडे बघतायत, आई हातात लाडू घेऊन सगळ्यांकडे बघतेय! मग तिला अर्थ कळला आणि ती हसली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाबा गेल्यावर पहिल्यांदा! खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

जेवणाच्या सुट्टीत त्या बाई बाहेर आल्या. दोघी बाकावर बसून लाडू खाऊ लागल्या. आई वऱ्हाडीत सांगत होती, "आमचे हे बी असेच समोर बसून चहा पेत. बोलत काई नव्हते, पन बसत." बाई चिनीत काहीतरी बोलत आईचा हात थोपटत होत्या. आई थांबायलाच तयार नाही!

मी हळूच पुढे झालो. "आई, त्या काय म्हणून राहिल्या, सांगू का?"

"राहू दे बाप्पा," आई म्हणाली. "एकडाव मेली, तेवढं पुरे!"