दातारसर आणि उभ्या माणसाचं वजन

दातारसर माणूस खालून वाचायला घेतात. तुम्ही नमस्कार करा, त्यांची नजर तुमच्या चपलांवर. तिथूनच म्हणतील, "मॅडम, उजवी टाच घासताय. पाठ धरली काय?" आणि पाठ खरंच धरलेली असते. रात्री सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यांवर सगळे कचोरीकडे बघतात, हे गर्दीचे पाय बघत उभे. एकदा एका अनोळखी पोराला त्यांनी मागूनच हाक मारली, "भिया, तुम शर्माजी के लड़के हो न? वही पाँव फेंकना!" होता तो शर्माजींचाच.

आमच्या इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते सेन्सर शिकवतात आणि मी प्रयोगशाळांची खरेदी बघते. म्हणजे ते स्वप्नं बघतात, मी कोटेशनं.

मराठीत चाल म्हणजे चालण्याची ढब. हिंदीत तिचा डावपेचही होतो, हे सर हमखास विसरतात. नव्या संचालकांना पहिल्याच भेटीत म्हणाले, "सर, आपकी चाल मैं समझ गया. थोड़ी टेढ़ी है." संचालकांनी चहाचा कप खाली ठेवला. विषय गुडघ्याचा आहे, हे पटवताना माझा चहा गार झाला.

यंदा सरांना चाल मोजणारी चटई करायची होती. खाली प्रेशर सेन्सर, वर माणूस, पडद्यावर पावलांचे रंग. तीन जातींचे नमुने आले. मी रकाने आखले: किंमत, हमी, दुरुस्ती. सरांनी कडेला पेनानं चौथा रकाना घुसवला: उभं राहणं.

पहिला पातळ फिल्मचा, स्वस्त. पण स्थिर उभं राहिलं तरी आकडा हळूहळू चढतच जातो. "याच्यावर माणूस जागच्या जागी जाड होतो," सर म्हणाले. बाद.

दुसरा पिझो. पाऊल पडलं की पडद्यावर झकास टोक. थांबलात की रेघ सपाट, कारण त्याला फक्त बदल कळतो. खरेदी कमिटी त्या टोकांवर खूश होती. तिसरा कपॅसिटिव्ह. चाललात, थांबलात, दोन्ही दाखवतो. पण महाग आणि नाजूक.

"सर, आपण चालणं मोजतोय," मी म्हटलं. "थांबलेल्या माणसाचं काय करायचंय? पिझो घेऊन टाकू."

सर एरवी यावर तासभर बोलले असते. त्या दिवशी त्यांनी टेबल पुसायला घेतलं.

"आमची उभी राहते हो," पुसता पुसता म्हणाले. "पाऊल अजून नाही पडत."

वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि पलासियाच्या क्लिनिकमध्ये व्यायाम चालू होते, एवढं मला माहीत होतं. त्या ते बंद करायला निघाल्या होत्या, हे मात्र सरांकडून तेव्हाच कळलं.

"म्हणते, डावा पाय नावापुरता उरलाय. मी सांगतो की भार येतोय, मला दिसतो. तर म्हणते, माझं मन राखताय. मशीन थोडीच कुणाचं मन राखतं?"

मी म्हटलं, "सर, वहिनींना घेऊन या. ऑर्डर मग देऊ."

क्लिनिकमधून परस्परच आले दोघं. सरांनी कोपराला धरून वहिनींना आधी पिझोवर उभं केलं. एक टोक उठलं आणि रेघ झोपली.

"हे तर म्हणतंय, बाई गेली!" वहिनी हसल्या. "बघा मॅडम, मी काय वेगळं सांगत होते?"

मग कपॅसिटिव्ह चटई. उजवं पाऊल लालभडक उमटलं. डावीकडे काहीच नाही. वहिनी मान वळवू लागल्या, तेवढ्यात तिथे टाचेपाशी फिकट निळा ठिपका आला आणि हळूहळू चवड्याकडे पसरला.

"ते काय आहे?" वहिनींनी विचारलं.

सर कोपर न सोडता पडद्याकडे वाकले. "तुमचा डावा पाय," मीच सांगितलं.

त्यांनी तो ठिपका टाचेपासून चवड्यापर्यंत निरखला. मग एकदम मास्तरीणबाई झाल्या. "अहो, हात सोडा आता. अर्धं वजन तुम्हीच उचलून धरलंय, रीडिंग चुकतंय सगळं."

एका दशांशासाठी पोरांकडून अख्खा प्रयोग पुन्हा करून घेणाऱ्या दातारसरांनी वहिनींचं कोपर आणखी घट्ट धरलं.

"चुकू दे," ते म्हणाले.