बाजेत अडकलेला लाल रंग

सेवादासची लाल पागडी घंगाळातून बाहेर आली ती बगळ्यासारखी पांढरी होऊन.

"याडी, हे काय केलं वं?" सेवादास बोंबलला.

"धुतली. आपल्या सगाईले मळकी घालतो काय?" त्याची आई, सुखीबाई, म्हणाली. जन्मभर तिनं रिठ्यानं कपडे धुतले. घाटंजीच्या बाजारातून साबणाची वडी पहिल्यांदाच आणली. पागडीला मूठभर रिठे लागतात, म्हणून तिनं मुठीएवढी आख्खी वडी घातली. अन् पोरीच्या बापानं, डोंगरसिंगनं, तर निरोपच धाडला होता, "नवऱ्याच्या डोक्यावर लाल पागडी नसली, तर पोरगी देत नाही!"

तेवढ्यात तांड्याच्या तोंडाशी डोंगरसिंगच्या दमणीच्या बैलांची घुंगरं वाजली.

घाबरून तिनं घंगाळ उलटं केलं. पाणी गेलं भिंतीला टेकवलेल्या बाजेवर. बाजेची सुंभं नव्यानं विणायला काढलेली, नुसती चौकट उरलेली. त्या चौकटीत साबणाचा पापुद्रा जो ताणून बसला, तो फुटेचना! पागडीचा सगळा लाल रंग त्याच्यात.

"रंग तिथं काहून बसला?" सुखीबाईनं विचारलं.

तिचा नवरा बाबूसिंग वाकला. त्याची नजर इतकी बारीक, की मुंगीच्या कानातली बाळी त्याला दिसे. "साबणाचे कण म्हशीच्या उलटे हायेत," तो म्हणाला. "डोकं पाण्यात, शेपूट बाहेर. दोन्ही अंगानं रांगा करून बसले, अन् मधात रंगाले जागा भेटली. आता कायले उठते तो?"

सुखीबाईनं पागडी पापुद्र्यावर दाबून पाहिली. पापुद्रा हातभर ताणला, पण रंगाचा ठिपकाही सोडला नाही. मग तिला पापुद्र्यातून पलीकडचं दिसलं. बकरी लाल, भिंत लाल.

"सेव्या, पागडी घाल अन् ह्याच्या मांगं उभा राह्य!"

डोंगरसिंग आला. त्याची स्वतःची पागडी पांढरीधोप. "हे काय मधात?"

"पडदा हाय, इवाई," सुखीबाई व्याह्याला म्हणाली. "पोरगा देखणा हाय, नजर लागते."

डोंगरसिंगनं आरपार पाहिलं. लालभडक पागडी! "वा रे पठ्ठे!" म्हणत तो गळाभेटीला धावला.

फट्ट!

साबणाच्या रांगा रंगासकट उठल्या अन् डोंगरसिंगवर जाऊन बसल्या. पागडी, मिशा, कान, सगळा लाल. समोर सेवादास, पांढऱ्या पागडीत. सुखीबाईनं डोळे मिटले. मोडली सगाई!

मागून डोंगरसिंगची बायको बिजलीबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिला बैल कोणता अन् दमणी कोणती, हेही धड दिसत नसे. लाल पागडी दिसली, तिनं ओवाळलं.

"जावई चांगला हाय," ती सुखीबाईच्या कानाशी लागली, "पण वय जरा जास्तच वाटते, नाही?"

"बिजले, मी आहो!" डोंगरसिंगनं आपली पागडी उपटली अन् सेवादासच्या डोक्यावर दाबून बसवली. "हे घे लाल पागडी! झाली सगाई! ओवाळ आता त्याले!"

"अगं बाई!" बिजलीबाई डोंगरसिंगच्या उघड्या डोक्याकडे पाहून दोन पावलं मागं सरली. "टकला बी हाय!"