ब्रेक दाबला की कुईं!

समोरचा माणूस कितीही तापलेला असो, माझ्या टेबलावरून उठताना तो गार झालेला असतो! गाड्यांच्या शोरूममध्ये चुकलेल्या दुरुस्तीच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. बिघाड एकीकडे, मेकॅनिकचा पाना दुसरीकडे आणि शिव्या माझ्याकडे! पण मी त्या अशा हसतमुखाने खातो की देणाऱ्यालाच लाज वाटावी.

माझ्यापुढे एकच माणूस गार झाला नाही. माझे सासरे! त्यांच्या गळ्यात आमच्या शोरूमची गाडी मीच मारली होती.

"जावईबापू, ब्रेक दाबला की कुईं वाजतं."

"एवढंच ना? किरकोळ काम!"

मेकॅनिकने ब्रेक पॅड बदलले, स्वतः चक्कर मारली. आवाज गायब! गाडी धुऊन, पुसून, मॅटला पॉलिश मारून सासऱ्यांच्या ताब्यात दिली. संध्याकाळी फोन. "जावईबापू, कुईं!"

मग डिस्क बदलल्या. पुन्हा चक्कर, पुन्हा शांतता, पुन्हा पॉलिश आणि पुन्हा फोन. "आता तर जास्तच जोरात वाजतंय!"

"साहेब, आवाज गाडीत नाही, त्यांच्या कानात आहे," मेकॅनिक म्हणाला. हे सासऱ्यांना सांगायचं कोणी? त्याच्या बापाचं काय जातंय!

घरी बायकोने अबोला धरला. त्याआधी एकच वाक्य बोलली, "माझ्या बाबांच्या गाडीचा एक आवाज बंद करता येत नाही तुम्हाला?" आणि स्वतःचा मात्र बंद केला.

त्यात आमच्या मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. "ती गाडी तक्रार घेऊन पुन्हा दारात आली, तर तुम्ही या टेबलावर नाही. तुम्ही गाड्या धुवायला!"

आमच्याकडे नियम असा की ट्रायलला मेकॅनिक एकटाच जातो, ग्राहकाला सोबत घ्यायचं नाही. मी नियम बसवला धाब्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांच्या गाडीत मागे जाऊन बसलो. सासरे चालवत होते. शेजारी सासूबाई, मांडीवर पर्स, नजर रस्त्यावर.

"अहो, सायकलवाला!"

"दिसतोय गं मला!"

"दिसतोय तर ब्रेक मारा ना!"

सासऱ्यांनी ब्रेक मारला. कुईं!

"ऐकलंत?" सासरे विजयी मुद्रेने वळले.

"अहो, पुढे बघा!" कुईं!

मी दोन सीटच्या मधून मान खाली घातली आणि थक्क झालो. सासऱ्यांचा पाय ब्रेकवर होताच, पण सासूबाईंचाही उजवा पाय होता! त्यांच्या बाजूला ब्रेक नाही ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ बाब होती. रबरी तळव्याचा नवा बूट आणि आम्हीच पॉलिश मारून आणखी गुळगुळीत केलेली मॅट. जीव खाऊन दाबला की कुईं! आणि मेकॅनिकच्या शेजारी सासूबाई कधी बसणार?

"सासूबाई," मी म्हणालो, "जरा बूट काढता का?"

"का हो?"

"फक्त एकदा. माझ्यासाठी."

त्यांनी बूट काढून हातात घेतले. पुढच्या सिग्नलला ब्रेक लागला. चिडीचूप!

मला वाटलं, आता पाठ थोपटतील. सासरे लालेलाल झाले! "म्हणजे माझे धडधाकट ब्रेक तुम्ही उगाच बदललेत? चला तुमच्या साहेबांकडे!"

"ब्रेकचं सोडा," सासूबाई कडाडल्या, "मी पाय दाबते म्हणून ही गाडी अजून कुठे आपटली नाही, ते सांगते मी साहेबांना!"

"अहो, नको! माझी नोकरी..." पण गाडी वळलीसुद्धा.

साहेब नेमके दारातच उभे. गाडी थांबली. सासरे दार आपटून उतरले, मागून मी घाम पुसत, आणि माझ्या मागे अनवाणी सासूबाई, दोन्ही हातांत एकेक बूट!

साहेब पांढरेफटक पडले. "बाई, शांत व्हा! मारामारी नको! या माणसाला आत्ताच्या आत्ता तक्रारीच्या टेबलावरून काढतो!"

"साहेब, या माझ्या सासूबाई! सासूबाई, सांगा ना त्यांना!" मी अक्षरशः हात जोडले.

सासूबाईंनी बूट खाली ठेवले, शांतपणे पायात चढवले.

"काढाच," त्या म्हणाल्या. "पगार मात्र तेवढाच ठेवा. घरी आमची मुलगी आहे."

पहिली सूचना साहेबांनी जागच्या जागी मंजूर केली. दुसरीवर विचार चालू आहे.