हंबीररावांचे कर्णे आणि वरचा सा

हंबीरराव घाटग्यांना एकदा एखादी गोष्ट पटली की ती चार लोकांना पटवून दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. १९९४ साली त्यांना असं पटलं की बंगळूर शहरात आजवर कुणी गाणं नीट ऐकलेलंच नाही.

"तुम्ही ऐकता तो गाण्याचा फोटो असतो," ते भेटेल त्याला सांगत. "तोही रेशनकार्डावरचा."

टेलिफोन बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात ते इंजिनिअर होते. माणसांचा आवाज चेपून तारेत कोंबायचा, हे त्यांचं दिवसभराचं काम. त्यामुळे निदान घरी तरी आवाज मोकळाढाकळा यावा, अशी त्यांची इच्छा होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. त्यासाठी त्यांनी जो उपाय शोधला तो म्हणजे कर्ण्याचे स्पीकर.

हंबीरराव ते असं समजावून सांगत: साधा स्पीकर हवेत नुसता हात हलवतो, पुढे हवा हलली तर हलली. पण त्याच्यापुढे तुतारीसारखा रुंद होत जाणारा कर्णा लावला की हवा पकडीत येते आणि जराशा जोरातही आवाज खोलीभर उभा राहतो. अडचण एवढीच, की खर्जाचे सूर यायला कर्णा दहा-बारा फुटांचा लागतो. घरात तो मावत नाही. म्हणून तो लाकडी पेटीत घडी घालून बसवायचा आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात सरकवायची. मग कोपऱ्याच्या दोन भिंती कर्ण्याचं उरलेलं तोंड होतात.

याचा नकाशा आणला उमाकांतनं. हा पुण्याहून इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आलेला तिशीतला मुलगा. कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं तेव्हा त्यानं नकाशा आणि आतले स्पीकर बॅगेतून आणले आणि स्वतःचे कपडे तिथंच कुणाला तरी देऊन टाकले. पेट्या केल्या यशवंतपूरच्या देवाप्पा सुतारानं. आयुष्यभर देव्हारे आणि कपाटं केलेला माणूस. चार महिने तो वाकड्या फळ्या कापत होता. शेवटी त्यानं कन्नडात विचारलं, "सार, यात ठेवायचं काय?"

"काही नाही. हवा."

 देवाप्पानं उरलेले पैसे त्याच दिवशी मागून घेतले.

आता प्रश्न कोपऱ्यांचा होता. हंबीरराव आणि त्यांची बायको चंदना गवीपुरमच्या घरात वरच्या मजल्यावर राहत. वरच्या खोलीच्या एका कोपऱ्यात दार होतं आणि दुसऱ्यात पाण्याचा पाइप. दोन स्वच्छ कोपरे असलेली जागा घरात एकच होती: खालचा हॉल. आणि हॉल होता आप्पाजींचा.

आप्पाजी म्हणजे हंबीररावांचे धाकटे काका. वय एकाहत्तर. रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ गायक. गवीपुरमातल्या मराठा भजनमंडळाचे ते मुख्य. रोज पहाटे साडेपाचला हॉलमध्ये तंबोरा लावून बसत आणि रामनवमीला सगळ्या जातभाईंना बोलावून तीन तास गात. हॉलच्या एका कोपऱ्यात त्यांचा तंबोरा, दुसऱ्यात त्यांच्या बायकोचं, ठकुबाईंचं, पायाचं शिलाई मशीन.

"काकींचं मशीन हलवायचं आणि तंबोराही हलवायचा," चंदना म्हणाली. "त्यापेक्षा आपणच दुसरीकडे राहायला जाऊ."

"विचारायचंच नाही," हंबीरराव म्हणाले. "ऐकवायचं. गेल्या रामनवमीला मी त्यांचं गाणं टेप केलंय, दोन माइक लावून. तीच कॅसेट वाजवतो. स्वतःचा आवाज या कर्ण्यांतून ऐकल्यावर आप्पाजी म्हणतील, बाबा, माझा पलंगही बाहेर काढ, पण हे ठेव."

ती कॅसेट काही नवी नव्हती. तिच्या चाळीस प्रती काढून त्यांनीच नातेवाइकांत वाटल्या होत्या. वर्षभर ती घराघरांत छोट्या टेपरेकॉर्डरवर वाजत होती आणि तिच्यात कुणालाही आप्पाजींच्या गाण्याशिवाय दुसरं काही ऐकू आलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम ठरला. फक्त एका दिवसापुरतं म्हणून मशीन आणि तंबोरा बाजूला सरकले आणि छातीएवढ्या दोन पेट्या कोपऱ्यांत बसल्या. मधोमध आप्पाजींची खुर्ची. तिची जागा उमाकांतनं टेपनं मोजून काढली होती. बाजूला तबलजी पुरुषोत्तम, शेजारचे मंजुनाथ, भजनमंडळाची सात-आठ माणसं. ठकुबाई उपम्याच्या बशा घेऊन भिंतीशी उभ्या, त्यांच्यामागे चंदना.

हंबीररावांनी बटण दाबलं.

आधी तंबोरा आला. तो पेट्यांतून आलाच नाही, भिंत मागे सरकून तिथं कुणी वाजवत बसल्यासारखा आला. मग आप्पाजींनी गाण्याआधी घसा साफ केला आणि समोर बसलेल्या आप्पाजींनी चमकून स्वतःच्या गळ्याला हात लावला. भजन सुरू झालं. कुणी चमचाही हलवेना. हार्मोनियमचा भाता श्वास घेत होता तो ऐकू येत होता. आप्पाजींचे डोळे भरून आले.

"हा मी?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच," हंबीरराव म्हणाले. त्या क्षणी त्यांना हॉल मिळाल्यातच जमा होता.

दोन मिनिटांनी डाव्या बाजूनं, आप्पाजींच्या आलापाच्या मागून, एक बाईचा आवाज आला. कुजबुजल्यासारखा, पण शब्दन् शब्द सुटा.

"चंदना, कोसंबरीला फोडणी आत्ता नको घालूस. स्वल्प थांब. आता वरच्या सा ला चढतील. तिथं लागणार नाही. मग परत खालून चढतील. पाव तास आहे अजून."

त्यावर दुसरी एक बाई खुदकन हसली. आणि कॅसेटमधले आप्पाजी वरच्या सा ला चढले. तिथं लागला नाही. मग परत खालून चढले.

हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम आपापल्या बशीत पाहिलं. खरं तर यातूनही निभावलं असतं, कारण आप्पाजी स्वतःच्या गाण्यात बुडाले होते. पण उमाकांत या घरात नवा होता आणि मनानं निर्मळ होता.

"वा, काय इमेजिंग आहे," तो म्हणाला. "ऐकलंत का, आप्पाजी? लेफ्टला, भिंतीपासून साधारण तीन फुटांवर, दोन लेडीज बोलतायत. एक बसलेली, एक उभी. इतकं क्लिअर मी अमेरिकेतसुद्धा ऐकलं नाही."

आप्पाजींनी डोळे उघडले. "काय बोलतायत?"

"ते नाही ऐकलं मी. मी डिस्टन्स बघत होतो."

"टेपची घरघर असेल ती," हंबीरराव घाईनं म्हणाले. पण या स्पीकरांतून घरघर येत नाही, हे त्यांनीच अर्धा तास सगळ्यांना समजावलं होतं.

"मागे घे," आप्पाजी म्हणाले.

हंबीररावांनी कॅसेट मागे घेतली. मुद्दाम जास्त मागे घेतली, म्हणजे मधे काहीतरी घडेल, वीज तरी जाईल. एरवी दिवसातून दोनदा जाणारी वीज त्या दिवशी गेली नाही. सगळ्यांनी पुन्हा ऐकलं.

"भिंतीपासून तीन फूट," आप्पाजी सावकाश म्हणाले. "डावीकडं. तिथं तर मशीन असतं."

मशीन ज्यांचं होतं त्या ठकुबाई बशा घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही. हो म्हणायची तर गरजच नव्हती.

"पुढं जाऊ दे," आप्पाजी म्हणाले.

"आप्पाजी, चहा घेऊ या का आधी?" पुरुषोत्तमनं विचारलं. बिचारा घाबरला होता, आणि त्याला कारण होतं. तिसऱ्या भजनात उजव्या कर्ण्यातून त्याचा आवाज आला. तो हार्मोनियमवाल्याला सांगत होता, "सम गेली बघ. आता थांबायचं. फिरून येतील तेव्हा धरू."

पुरुषोत्तमनं उपम्यातली मोहरी मोजायला घेतली. मंडळातला दुसरा एक जण चपला शोधायला उठला. "बसा," आप्पाजी म्हणाले. तो बसला.

चौथ्या भजनात मंजुनाथांचा आवाज आला, अगदी मधोमध. "राव, आवाज कमी का केलात?" आणि त्याला उत्तर आलं, माइकच्या पुढ्यातून, इतकं जवळून की बोलणाऱ्याची जीभ टाळूला लागलेली कळावी.

"आता वरचा सा यायचाय. तो गेला की वाढवतो."

"हा आवाज तर अगदी या रूममध्ये," उमाकांत म्हणाला आणि थांबला. त्यानं हंबीररावांकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला डिस्टन्सखेरीज काहीतरी कळलं.

आप्पाजींनी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. मग उठले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "स्पीकर उत्तम आहेत." आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला हॉलमधून काही आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तंबोरा गवसणीत गेला. आप्पाजी जेवायला येत, वर्तमानपत्र वाचत, आणि कुणी काही विचारलं तर कन्नडात "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणत. त्याखेरीज दुसरा शब्द नाही. घराचं सगळं तंत्र बिघडलं. चंदना दुसरं भजन संपलं की दूध उतरवत असे, ते दोनदा उतू गेलं. हंबीरराव तिसऱ्या भजनाला उठत, ते कारखान्याच्या बसला एकदा चुकले. ठकुबाई मशीनवर बसत, पण नुसत्या. पाय चालत नसे.

"तुमच्या कर्ण्यांनी म्हाताऱ्या माणसाचा गळा बंद केला," चंदना म्हणाली.

"बोललीस तर तूही."

"मी फक्त हसले होते."

"तेही स्वच्छ ऐकू आलं."

हे बोलून झाल्यावर दोघांनाही बरं वाटलं नाही. हंबीररावांना रात्री जेवण जाईना. लहानपणी वडील गेल्यावर त्यांना याच माणसानं मांडीवर बसवून सारेगम शिकवलं होतं. सूर कुठं घसरतो हे ओळखणारा कान त्यांना मिळाला तो तिथंच, आणि त्याच कानानं त्यांनी आवाजाचं बटण खाली केलं होतं.

गुरुवारी त्यांनी रजा टाकली. दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन पेट्या सोडवायला खाली निघाले आणि जिन्यातच थबकले. हॉलमध्ये आप्पाजी आणि ठकुबाई बोलत होते. चार दिवसांत पहिल्यांदा.

"किती वर्षं लागत नाही?" आप्पाजी विचारत होते.

"लग्न झाल्यापासून तर नाहीच. आधीचं मला ठाऊक नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही डोळे मिटून चढता. वर पोचलात असं तुम्हांला वाटतं. मी बघत असते."

"आणि मागं हसता."

"हसलो. चुकलंच ते." मशीनचं चाक उगाच एकदा फिरल्याचा आवाज झाला. "पण एक्केचाळीस वर्षं मी पुढंच बसलेय ना? सा लागणाऱ्याचं गाणं काय, कुणीही ऐकतं."

 मग आप्पाजी म्हणाले, "किती खाली राहतो?"

"सूतभर."

"सूतभरच?"

"कधी कधी दोन सूत."

जिन्यात हंबीररावांना शिंक आली. ती त्यांनी दाबली, पण हॉल आवाजाला फारच चांगला होता.

"हंबीर, ये खाली," आप्पाजींनी हाक मारली. "हातात काय ते?"

"स्क्रूड्रायव्हर. पेट्या काढून नेतो, आप्पाजी. माझी चूक झाली. मी तेव्हा आवाज कमी करायला नको होता."

"हो, ते नडलं. कमी केलास म्हणून तर कळलं नाही किती चुकतो ते." आप्पाजींनी तंबोऱ्याची गवसणी काढायला सुरुवात केली. "पेट्या राहू देत तिथंच. तुझं टेप करायचं यंत्रही खाली आण. आणि ते लाल बटण कुठलं, ते मला दाखव."

हंबीररावांनी आनंदानं दाखवलं. मशीन खिडकीशी गेलं, तंबोरा देवघराशी. कर्णे कोपऱ्यांत कायमचे बसले. हंबीररावांनी त्याच संध्याकाळी उमाकांतला फोन करून कळवलं, की बघ, म्हटलं होतं ना, शेवटी पटलंच.

तेव्हापासून आप्पाजी पहाटे साडेपाचला बसतात आणि प्रत्येक भजन आधी गाऊन टेप करतात. मग कॅसेट मागे घेऊन तेच भजन कर्ण्यांतून पूर्ण आवाजात ऐकतात, आणि सा जवळ आला की ठकुबाईंना विचारतात, "किती?" ठकुबाई मशीनवरून सांगतात, "सूतभर." घरात प्रत्येक भजन दोनदा होतं, आणि दुसऱ्यांदा जास्त स्वच्छ. मंजुनाथांनी रस्त्याकडच्या खोलीतला पलंग मागच्या खोलीत हलवला.

हंबीररावांना त्यांचे कर्णे बुधवारी दुपारी दोन ते चार मोकळे मिळतात. तेव्हा आप्पाजी मंडळाच्या बैठकीला जातात. पण बुधवारी दोन ते चार हंबीरराव कारखान्यात असतात, माणसांचे आवाज तारेत कोंबत.